जुनी मारुती गरम होतेय? आधी प्रेशर टेस्टर, निळं पाणी नंतर

मारुती ८०० बंद होऊन २०१४ पासून बरीच वर्षं झाली, तरी तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन अजून भरपूर रस्त्यावर आहे. तापमानाचा काटा वर चढला की गॅरेजमधले सल्ले ठरलेले: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे पाणी अडवणारी झडप) काढून टाका, रेडिएटर रॉडिंगला (नळ्या सळीने साफ करायला) द्या, नाहीतर थेट हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवा. पाणी कुठे जातंय हे न बघता केलेले खर्च आहेत हे. ते बघण्यासाठी ऑनलाइन तीन अवजारं मिळतात: हातपंपाचा रेडिएटर प्रेशर टेस्टर, निळ्या द्रावणाचा ब्लॉक टेस्टर आणि इन्फ्रारेड थर्मामीटर. तिन्हींची योग्यता सारखी नाही.

पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर ते प्रेशर टेस्टरवर घालावेत. मोठ्या पेटीत वीस-पंचवीस ॲडॉप्टर असतात, त्यातले बहुतेक युरोपियन गाड्यांच्या आट्याच्या टाक्यांसाठी. आपल्याला लागतो जपानी घडणीच्या लहान तोंडाचा एक, आणि रेडिएटरचं टोपण तपासायचा एक. हा दुसरा ज्या पेटीत नसेल ती घेऊ नये, कारण जुन्या गाडीत पहिला संशयित टोपणच असतं. टोपणावर ०.९ (म्हणजे ०.९ बार) लिहिलेलं असेल तर ते साधारण १३ पीएसआयला (चौरस इंचावर १३ पौंड दाबाला) सुटायला हवं. स्प्रिंग मेली की ते पाच-सहालाच सुटतं. नुसतं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळतं, ०.९ बार दाबाखाली जवळजवळ ११८ पर्यंत तग धरतं. म्हणजे मेलेल्या टोपणाची गाडी इंजिनात काही दोष नसताना पाणी फेकते.

वापर असा. इंजिन पूर्ण थंड. रेडिएटर काठोकाठ भरून टेस्टर बसवायचा आणि टोपणावरच्या आकड्याइतकाच दाब द्यायचा, वर नाही. हौसेने २० पर्यंत नेलं तर हिटरची जुनी जाळी फुटते आणि नवीन गळती पदरात पडते. होज ताणले जातात म्हणून पहिल्या मिनिटात टेस्टरचा काटा थोडा उतरतो; परत १३ वर आणून पंधरा मिनिटं थांबायचं. काटा जागचा हलला नाही तर बाहेर गळती नाही. उतरला तर टॉर्च घेऊन वॉटर पंपाच्या शाफ्टखालचं बारीक भोक, खालचा होज, हिटरचे पाइप आणि पायाखालचं कार्पेट बघा. सीएनजी किट असेल तर रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) गेलेल्या पाण्याच्या पाइपांचे जोड आधी. ते क्लॅम्प कुणी पुन्हा आवळलेले नसतात.

काटा उतरतोय आणि बाहेर थेंब नाही, तर तिन्ही प्लग काढा, दाब अर्धा तास तसाच ठेवा, कॉइलची वायर सोडा आणि तोंड लांब ठेवून सेल्फ मारा. प्लगच्या भोकातून पाण्याचा फवारा आला की हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांमधली पातळ पट्टी), हेड किंवा क्वचित तडा गेलेला ब्लॉक. काढलेल्या प्लगांमध्ये एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर तोच सिलिंडर.

स्वस्त पेट्यांचा दोष म्हणजे त्यांचे झटपट लागणारे कपलर स्वतःच गळतात. वापरण्याआधी दाब देऊन जोड बादलीत बुडवून बघा; बुडबुडे आले तर ओ-रिंग बदला. नाहीतर गाडीची गळती म्हणून पंपाचीच शोधत बसाल.

ब्लॉक टेस्टरची गरज इथे लागते: काही गॅस्केट १३ पीएसआयला पाणी सोडत नाहीत, पण ज्वलनाचा दाब त्याच्या कित्येक पट असल्याने गॅस पाण्यात ढकलतात. रेडिएटरमधली हवा निळ्या द्रावणातून ओढायची; कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल गाडीत रंग पिवळा होतो. चाचणी सोपी दिसते, चुकते मात्र फार. टोपण थंड असतानाच काढून पाणी दोन-तीन इंच कमी करायचं, कारण कूलंट वर ओढलं गेलं की द्रावण बाद. मग इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवायचं. तोंडाशी लावायचा रबरी शंकू घट्ट बसायला हवा. नाहीतर बंद शेडमध्ये सायलेन्सरचा धूर फटीतून आत ओढला जातो आणि चांगलं इंजिन आजारी ठरतं. द्रावण जिवंत आहे का हे आधी सायलेन्सरच्या धुरावर तपासा. पिवळं झालं नाही तर बाटली टाकून द्या. उलट, रंग निळाच राहिला म्हणून गॅस्केट निर्दोष, असं धरू नये. काही तडे चढावर, भाराखालीच उघडतात.

यापेक्षा फुकट चाचणी आहेच: थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला तर पाणी अजून तापलेलंही नाही, मग हा दाब गॅसचाच.

थर्मामीटरवर लोक फार विश्वास टाकतात. त्याचं माप काळ्या, खरखरीत पृष्ठभागासाठी जुळवलेलं असतं. चकचकीत ॲल्युमिनियमच्या हेडवर धरला तर खूप कमी आकडा दाखवतो. रबरी होजवर किंवा मास्किंग टेपच्या तुकड्यावर धरा. त्याचा खरा उपयोग रेडिएटरच्या काळ्या जाळीवर. गरम इंजिनवर जाळी भागाभागाने मोजत गेलं आणि मध्येच मोठा गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. तेव्हा रॉडिंगचा खर्च सार्थ. वरचा होज कडकडीत गरम आणि खालचा गार असेल तर थर्मोस्टॅट किंवा बुजलेली जाळी. थर्मोस्टॅट काढून भांड्यात गरम पाण्यात टाका. त्यावर कोरलेल्या ८२ किंवा ८८ च्या आसपास उघडायला लागला नाही तर नवीन बसवा. काढून टाकलात तर इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त खातं, आणि पुढच्या मेकॅनिकची दिशाभूल होते ती वेगळीच.

नुसतं सिग्नलवर गरम होणाऱ्या गाडीसाठी यातलं काहीच घेऊ नका. आधी रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज आणि स्विच बघा.