शॉवर फिल्टर, सात महिन्यांनंतर: माझे पाच स्टार मी परत घेतेय

काल सकाळी शॉवर चालू केला आणि फिल्टर वरच्या नटापाशी तडकला, पाणी थेट छतावर. केस गळतायत म्हणून नोव्हेंबरात दिवाळी सेलमध्ये १,८९९ ला घेतलेला. वॉरंटी सहा महिने, ती मेमध्ये संपली, हा जूनमध्ये गेला. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा वेगळा माणूस आणि पहिल्यापासून सगळं सांगा. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा म्हणे. सात महिन्यांपूर्वी उघडलेल्या खोक्याचा व्हिडिओ कुणाकडे असतो? शेवटी मेल आला की तसंही बाहेरची बॉडी वॉरंटीत धरत नाहीत.

त्या नटाबद्दल सांगायलाच हवं. आमच्या शॉवरच्या नळीचे आटे पितळेचे, फिल्टरचे आटे प्लास्टिकचे. पितळेवर प्लास्टिक आवळलं की आज ना उद्या तडकणार हे फोंड्याच्या आमच्या प्लंबरने बसवतानाच सांगितलेलं. सैल ठेवला तर गळतो, घट्ट केला तर चरे पडतात. दोनदा टेफलॉन टेप गुंडाळली, तीन वॉशर बदलले, तरी रात्रभर टपटप. दोन हजारांच्या वस्तूला चाळीस रुपयांचा पितळी नट लावता येत नाही? वर कार्ट्रिज ७९९ चं, दर तीन महिन्यांनी. दोन बदलली, म्हणजे एकूण ३,४९७ रुपये गेले.

पण नट मोडला म्हणून मी स्टार कमी करत नाहीये. मार्चमध्ये पाच स्टार देऊन मीच रिव्ह्यूत लिहिलेलं की चार महिन्यांत केस गळायचे थांबले, डोळे झाकून घ्या. ते चुकीचं होतं आणि ते वाचून माझ्याच नणंदेने फिल्टर ऑर्डर केला, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

झालं असं की गेल्या ऑगस्टमध्ये, गणेश चवथीच्या आधी मला डेंग्यू झालेला. आठ दिवस ताप. बरी झाले, गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधली, सगळं ठीक. ऑक्टोबर संपताना मात्र उशीवर केस, फणीत केस, न्हाणीघराच्या जाळीवर पुंजकाच्या पुंजका. मी पाण्यालाच दोष दिला, कारण ओपाच्या, म्हणजे आमच्या नळाच्या पाण्याला अधूनमधून क्लोरीनचा वास येतो आणि जाहिरातीत तेच दाखवतात. तापाशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही, ताप जाऊन अडीच महिने झालेले ना.

एप्रिलमध्ये दिराला घेऊन बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) स्किन ओपीडीत गेले. तो २७ चा, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकतायत आणि टाळूवर विरळ. त्याच बाथरूमात, त्याच फिल्टरखाली आंघोळ करतो, फिल्टरने त्याचा एकही केस वाचवला नाही. डॉक्टरांनी त्याला समजावलं की हे अनुवंशिक, आईकडून येतं तसं वडिलांकडूनही येतं, डीएचटी नावाच्या हार्मोनने केसाचं मूळ हळूहळू बारीक होत जातं. मिनॉक्सिडिल हे डोक्याला लावायचं औषध दिलं. पहिले काही आठवडे उलट जास्त गळतील तेव्हा घाबरून सोडू नकोस, फरक दिसायला चार महिने तरी लागतील, आणि बंद केलंस की फायदाही जाईल, असं सांगितलं. घरात मांजर आहे का हेसुद्धा विचारलं, मांजरांना ते औषध विषारी असतं. आमच्याकडे दोन आहेत, आता बाटली कपाटात आणि उशीचा अभ्रा रोज वेगळा.

निघताना मी माझी हकीगत सांगितली, फिल्टरचं कौतुकही केलं. डॉक्टर म्हणाल्या, ताप कधी आलेला? आणि बोटांवर महिने मोजले. मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, उपाशी राहून केलेलं डाएट, अशा धक्क्याने पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात, म्हणजे वाढायचे थांबतात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. कारण संपलेलं असेल तर बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबतं. माझं थांबलं तेव्हा फिल्टर फक्त तिथे लावलेला होता, एवढंच.

त्यांनी एक गोष्ट शिकवली ती सगळ्यांनी करून बघा. गळलेला केस उजेडात धरा. टोकाला बारीक पांढरा गड्डा असेल तर तो मुळापासून आलाय. गड्डा नाही, आखूड तुकडा आहे, तर तो मधून तुटलाय. पाण्याने, क्लोरीनने, स्ट्रेटनिंगने केस कोरडे होऊन तुटतात, मूळ सहसा सोडत नाहीत. माझ्या बहुतेक केसांना गड्डे होते. आणि असे फिल्टर क्लोरीन थोडंफार कमी करतात, हार्ड वॉटर सॉफ्ट करत नाहीत.

टेस्ट करायला लावल्या, टीएसएच (थायरॉइडची), सीबीसी (रक्तपेशींची, हिमोग्लोबिनची), फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची). थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिनही बरं, पण फेरिटिन ११, म्हणजे लोहाचा साठाच नाही. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांत हे खूप दिसतं म्हणाल्या. लोहाची गोळी चालू आहे, जेवणावर लगेच चहा बंद केलाय, लिंबू घेते. आणि केसांसाठी बायोटिन (एक व्हिटॅमिन) खात असाल तर थायरॉइडच्या टेस्टआधी लॅबला सांगा, रिपोर्ट चुकू शकतो. मी चार महिने खात होते, कुणी विचारलंच नव्हतं.

पाळी अनियमित, हनुवटीवर केस, तर पीसीओएस (अंडाशय आणि हार्मोनचा त्रास) तपासा. शेजारची मुलगी रोज करकचून पोनी बांधते, तिची कपाळावरची रेषा मागे गेलीय, तेही एक कारण. गोल चकती पडली म्हणजे चाई, तिला तेल चोळत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

आता नणंद. बाळ साडेतीन महिन्यांचं, केस मुठीने जातायत आणि वहिनीचा रिव्ह्यू वाचून १,८९९ घालवायला निघालेली. गरोदरपणात जे केस गळायचे राहतात ते बाळंतपणानंतर एकदम गळतात, बहुतेकींचे बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत भरून येतात. रात्रीच फोन करून सांगितलं, ऑर्डर कॅन्सल कर आणि पुढच्या आठवड्यात फेरिटिन, टीएसएच करून घे. जुना शॉवर परत बसवलाय, आटे पितळेचे, एक थेंब गळत नाही.