न्यू ऑर्लिन्सच्या पूरग्रस्त वस्त्यांमधील बसफेरी, एप्रिल २००६

कॅटरिना चक्रीवादळ २९ ऑगस्ट २००५ रोजी येऊन गेले, त्याला आठ महिने होत आले असताना आम्ही ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला गेलो आणि तेथील एका स्थानिक संस्थेची तीन तासांची बसफेरी घेतली. लोकांची उद्ध्वस्त घरे तिकीट काढून पाहायची, हे माझ्या पत्नीला अजिबात रुचले नव्हते. बसमधून उतरल्यावर मात्र आपल्या ओळखीच्या प्रत्येकाने ही फेरी करावी, असे तीच म्हणाली.

याचे श्रेय मार्गदर्शक बाईंना आहे. त्यांचे स्वतःचे लेकव्ह्यू या वस्तीतील घर बुडाले होते आणि त्या भावाच्या अंगणात उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये राहत होत्या. फ्रेंच क्वार्टर हा शहराचा जुना, पर्यटकांचा भाग उंचावर असल्यामुळे बचावला. तेवढेच पाहून परतणाऱ्याला शहर सावरले असे वाटत असे, परंतु शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला होता, हे त्यांनी बस सुटतानाच सांगितले. शोधपथकांनी घरांच्या दारांवर रंगाने काढलेली फुली कशी वाचायची, हे त्यांनी एका घरासमोर बस थांबवून समजावले: वरच्या खणात तपासणीची तारीख, डावीकडे पथकाची खूण, उजवीकडे आतील धोके आणि खाली सापडलेल्या जिवंत वा मृत माणसांची संख्या. त्यानंतर प्रत्येक दारापाशी आमची नजर आधी खालच्या खणाकडे जात होती, आणि तेथे शून्य दिसले की बसमध्ये कोणीतरी सुस्कारा सोडत असे.

सतराव्या रस्त्याच्या कालव्यापाशी त्यांनी सर्वाधिक वेळ दिला, आणि तो योग्यच होता. तेथील पूररोधक भिंतीवरून पाणी वाहिलेच नव्हते. पाण्याच्या दाबाने पायाखालची मऊ माती सरकली आणि भिंतच ढकलली गेली. म्हणून ‘वादळाने घरे नेली’ असे कोणी म्हटले की त्या शांतपणे ‘भिंतीने’ अशी दुरुस्ती करीत. घरांच्या भिंतींवर पाण्याने ओढलेली तपकिरी रेघ पाहताना मला मुंबईत कलिन्यातील आमच्या घराची आठवण झाली, कारण २००५ च्याच २६ जुलैला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, आमच्याकडेही अशीच रेघ उमटली होती. आमची रेघ कमरेपर्यंत होती. येथे ती छपराच्या कडेला भिडली होती.

उणिवा दोन होत्या. ध्वनिक्षेपकाचा आवाज मागच्या आसनांपर्यंत नीट पोहोचत नव्हता. दुसरी अधिक गंभीर होती: ही बस इंडस्ट्रियल कालव्यापलीकडे जात नव्हती, त्यामुळे तिकडचा, सर्वात भीषण हानी झालेला लोअर नाइन्थ वॉर्ड हा भाग केवळ ऐकून समजून घ्यावा लागला.

घरमालक अंगणात काम करीत असतील तर छायाचित्रे काढू नयेत, ही सूचना कटाक्षाने पाळली जात होती आणि ती मला मोलाची वाटली. संचालकांना माझी एकच विनंती होती: लेकव्ह्यूमध्ये पुन्हा उघडलेल्या एखाद्या खानावळीपाशी अर्धा तास बस थांबवावी, म्हणजे प्रवाशांच्या जेवणाचे पैसे त्याच वस्तीत खर्च होतील.