फुल-फेस की फ्लिप-अप? चष्मेवाल्या मोटारसायकलस्वारासाठी

रोज गर्दीतून मोटारसायकल चालवायची आणि डोळ्यांवर चष्मा, असा माणूस हेल्मेट बदलायला निघाला की हटकून फ्लिप-अपकडे, म्हणजे हनुवटीचा भाग वर उचलता येणाऱ्या हेल्मेटकडे वळतो. त्यात काही चूक नाही. मी ते आणि हनुवटीचा भाग पक्का जोडलेलं फुल-फेस, दोन्ही भरपूर वापरली आहेत आणि फ्लिप-अपला नावं ठेवायला बसलेलो नाही.

चष्म्याच्या बाबतीत तर त्याला तोड नाही. हनुवटीचा भाग वर करा, हेल्मेट चढवा, भाग खाली घ्या. चष्मा जागचा हलत नाही. फुल-फेसमध्ये आधी चष्मा काढायचा, हेल्मेट घालायचं आणि मग कानशिलाजवळच्या गादीतून एकेक काडी आत सरकवायची. काडीचं टोक फार वाकडं असेल तर थोड्याच वेळात कानामागे ठणका लागतो. सरळ काड्यांची फ्रेम आणि गादीत काडीपुरती खाच असलेलं हेल्मेट घेतलं की त्रास बराच कमी होतो. संपतो असं म्हणवत नाही. वाफेचंही तेच. पिनलॉक (काचेच्या आतून लावायची वाफरोधक पट्टी) हेल्मेटची काच साफ ठेवतो, चष्म्याची नाही. (हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही.)

वजनात फ्लिप-अप साधारण 200-300 ग्रॅम जास्त भरतं, बिजागरी आणि लॉकमुळे. शहरातल्या वेगाला मानेला फारसं जाणवत नाही. वाऱ्याचा आवाज थोडा जास्त येतो, निदान माझ्या कानांना तरी.

माझं घोडं अडलं ते सिग्नलला. लाल दिवा लागला, उकडायला लागलं की हात आपसूक वर जातो आणि हनुवटी उघडी पडते. दिवा हिरवा होतो, मागचा हॉर्नवर बसतो. उजवा हात थ्रॉटलवर, डावा क्लचवर. मग ‘पुढच्या सिग्नलला लावू’ म्हणत तसंच निघायचं. घाईत ओढून लावलं तर कधी एकाच बाजूची खटकी बसते. दोन्हीकडून ‘टक्’ ऐकू आल्याशिवाय ते बंद झालं असं धरता येत नाही. फुल-फेसची नुसती काच असते, बोटाच्या एका टिचकीत खाली. आणि हनुवटी उघडी टाकायची सोयच नसल्यामुळे मोहही होत नाही.

फ्लिप-अपच घ्यायचं असेल तर हनुवटीखालच्या पट्ट्याला शिवलेलं लेबल बघा. ईसीई (हेल्मेट सुरक्षेचं युरोपीय मानक) मान्यता असलेल्या हेल्मेटवर मान्यता क्रमांकाजवळ पी, जे किंवा पी/जे अशी इंग्रजी अक्षरं असतात. नुसतं पी म्हणजे हनुवटीचा भाग बंद असतानाच ते वापरायचं. जे म्हणजे हनुवटीला संरक्षण नसलेलं, उघडं हेल्मेट. पी/जे म्हणजे उघडं आणि बंद, दोन्ही अवस्थांत मान्यता. पण उघड्या अवस्थेत जबड्याला संरक्षण शून्य, हे पी/जेलाही लागू आहेच. 2021 पासून लागू झालेल्या या मानकाच्या 22.06 आवृत्तीत डोक्याला पीळ देणाऱ्या तिरक्या आघाताचीही चाचणी आहे, तेव्हा जमल्यास क्रमांक 06 ने सुरू होणारं घ्या.

वाटेत सतत थांबून कोणाशी बोलावं लागत असेल, किंवा चष्म्याची फ्रेम बदलणं शक्यच नसेल, तर फ्लिप-अप तुम्हाला कदाचित जास्त मानवेल. बाकीच्यांनी आधी फुल-फेस घालून बघावं, असं मला वाटतं. दुकानात स्वतःच्या चष्म्यासकट पंधरा मिनिटं तरी डोक्यावर ठेवा. काढल्यावर कपाळावर लाल वळ दिसला तर तो आकार तुमचा नाही, मग प्रकार कुठलाही असो.