व्हर्बॅटिम डीव्हीडी-आर, ५० चा बॉक्स: सांगलीचा मे आणि पावसाळा काढल्यानंतर

मार्चमध्ये दोन प्रकारचा माल एकाच वेळी घेतला: व्हर्बॅटिमच्या १६एक्स (हा लिहिण्याचा कमाल वेग) डीव्हीडी-आरचा, म्हणजे एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कचा, ५० चा बॉक्स आणि दुकानात सुट्या मिळतात तशा स्वस्तातल्या डीव्हीडी. दोन्हींवर तोच डेटा, तोच रायटर. ऑक्टोबरमध्ये दोन्ही पुन्हा तपासल्या. व्हर्बॅटिम पास. स्वस्तातल्या बऱ्याच डिस्क शेवटच्या फाइलींवर अडखळतात, जुन्या प्लेअरमध्ये तर काही उघडतच नाहीत.

पण नुसतं नाव बघून बॉक्स उचलू नका. एकाच ब्रँडमध्ये वेगवेगळा माल असतो. बॉक्सवर 'अझो' छापलेलं आहे का बघा. हा डेटा धरणाऱ्या रंगाचा प्रकार आहे आणि उजेडात तो चांगला टिकतो. खरी ओळख डिस्कच्या कोडात असते. कोरी डीव्हीडी घालून इमेजबर्न हा डिस्क लिहिण्याचा प्रोग्राम उघडला की उजवीकडे डिस्क आयडी दिसतो. 'एमसीसी ०३आरजी२०' म्हणजे व्हर्बॅटिमच्या आधीच्या मालकाची, मित्सुबिशीची, मूळ अझो जात. 'सीएमसी मॅग' आला तर तो तैवानच्या सीएमसीचा साधा माल. २०१९ मध्ये व्हर्बॅटिमचा धंदाच सीएमसीने घेतला, त्यामुळे कारखाना आता तोच असू शकतो, पण जात वेगळी राहते. कोड नकली छापणारेही आहेत, म्हणून आधी एकच डिस्क बर्न करून (म्हणजे लिहून) तपासायची आणि मगच बाकीचा बॉक्स घ्यायचा. 'मेड इन इंडिया' लिहिलेला जुना बॉक्स कुठे सापडला तर तो बहुधा मोजर बेअरचा. ती कंपनी २०१८ मध्येच अवसायनात गेली, म्हणजे तो माल कित्येक वर्षं गोदामात पडून आहे. स्वस्त मिळाला तरी नको.

बर्न करताना निम्म्या तक्रारी वेगातून येतात. १६एक्सच्या डिस्कवर ८एक्स ठेवा, साधारण आठ मिनिटं लागतात. 'जितकं हळू तितकं पक्कं' हे इथे खरं नाही. १६एक्ससाठी बनवलेला रंग २एक्सवर उलट खराब लिहिला जातो. व्हेरिफाय (लिहिलेलं परत वाचून ताडणं) चालू ठेवा आणि डिस्क फायनलाइज करा, म्हणजे लिहिणं कायमचं बंद करा. ४.७ जीबी म्हणजे संगणकाच्या हिशेबात ४.३८, पण तिथपर्यंत भरू नका. लिहिणं आतून बाहेर जातं आणि पहिल्या चुका बाहेरच्या कडेला येतात. महत्त्वाचं असेल तर डेटा ३.५ जीबीवर थांबवून उरलेली जागा डीव्हीडिझास्टर या प्रोग्रामच्या दुरुस्ती डेटाला द्या. मग थोडे सेक्टर गेले तरी फाइल परत मिळते.

व्हेरिफाय पास झालं म्हणजे डिस्क चांगली असं नाही. रायटर चुका सुधारून वाचतो, तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून स्कॅन हवा. लाइट-ऑन कंपनीचा ड्राइव्ह असेल तर नीरो डिस्कस्पीड या प्रोग्राममध्ये डिस्क क्वालिटी ही चाचणी चालवा. पीआय एरर म्हणजे वाचताना सापडलेल्या लहान चुका, पीआय फेल्युअर म्हणजे पहिल्या सुधारणेत न सुटलेल्या. पीआय एररची मर्यादा २८०, पीआय फेल्युअरची ४. नव्या डिस्कवर पीआय ५० च्या आत हवा. बर्न केल्यावर एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, त्याच ड्राइव्हवर, दोन्ही आलेख शेजारी ठेवा. बाहेरच्या कडेला उभा सुळका दिसला तर चिकटवलेला सांधा ओल घेतोय असं समजा: डीव्हीडी म्हणजे ०.६ मिमीचे दोन पातळ थर जोडलेले, आणि आतला चांदीचा थर दमटपणाने काळवंडतो.

कृष्णाकाठच्या घरात तळमजल्याचं कपाट तर नकोच. २०१९ च्या पुरानंतर हे वेगळं सांगायला नको. प्लॅस्टिकच्या पाकिटांचे अल्बम दमटपणात डिस्कला चिकटतात, त्यापेक्षा कडक केस घ्या, उभ्या ठेवा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. गोल स्टिकर अजिबात नाही, तोल जातो आणि डिस्क वाकते. नाव मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मार्करने. सीडीच्या बाबतीत हे जास्तच पाळा, कारण तिचा डेटा लेबलच्या पातळ लाखेखालीच असतो. वरच्या बाजूचा ओरखडा खालच्यापेक्षा घातक.

लग्नवाले पाचच प्रती मागतात आणि त्यांना पेनड्राइव्हही चालतो, त्यांच्यासाठी एवढी उठाठेव नको. मिरजेच्या दवाखान्यातलं स्कॅन किंवा कोर्टाला जोडायचं रेकॉर्डिंग असेल तर मात्र दोन वेगळ्या कोडच्या डिस्कवर दोन प्रती काढा, आणि डिस्कच्या कुठल्याही तपासणीत पीआय एरर २०० ओलांडला की डिस्क वाचता येते तोवरच नवी प्रत करा.