आशाताईंच्या सहा भेटी

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा महापालिकेच्या आरोग्य केंद्राचा विचारही आमच्या मनात नव्हता. गरोदरपणात तिचं नाव तिथे नोंदवून ठेवलं होतं, एवढंच. बाळंतपण एका खासगी नर्सिंग होममध्ये झालं. बिल चोख घेतलं, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडताना बाळाचं काय बघायचं ते कोणी धड सांगितलं नाही. ‘काही वाटलं तर फोन करा’ म्हणाले. काय वाटलं तर, हेच तर आम्हाला कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या केंद्राच्या आशाताई, म्हणजे घरोघरी येणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका, दारात उभ्या. खांद्यावर पिशवी, हातात वही.

माझी तीस वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात गेली. माप घेण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघा, हे नव्या पोरांना सांगून सांगून घसा बसायचा. आशाताईंनी आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. मी नॅपकिन पुढे केला तर म्हणाल्या, "नको काका, हात हवेतच सुकवायचे असतात." मग रिकामी झोळी काट्याला अडकवली, काटा शून्यावर आणला आणि मगच नातीला झोळीत ठेवलं. त्या क्षणी या बाईंवर माझा विश्वास बसला.

वजन भरलं 2 किलो 600 ग्रॅम. जन्माच्या वेळी होतं 2 किलो 800. आमच्या हिचा चेहरा उतरला. "अंगावरचं पुरत नाहीये, वरचं दूध सुरू करू," म्हणाली. आशाताईंनी तिला गप्प केलं नाही की नियमही सुनावला नाही. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच, दोनेक आठवड्यांत भरून येतं, असं समजावलं. दिवसातून किती वेळा लघवी करते ते विचारलं. मग लेकीजवळ बसून बाळाला पाजताना बघितलं आणि धरायची पद्धत बदलून दिली: तोंड मोठं उघडलेलं हवं, हनुवटी छातीला टेकलेली. गुटीचा विषय निघाला तेव्हा मात्र ठाम होत्या. सहा महिने फक्त आईचं दूध, वर पाणीसुद्धा नाही.

श्वास मोजण्याचंही तसंच. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजले, तर 64 भरले. साठ किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोजायचे असतात. बाळ नुकतंच रडून थांबलं होतं. ते शांत होईपर्यंत त्या थांबल्या आणि परत मोजले: 48. घाईतल्या माणसाने पहिलाच आकडा लिहून आम्हाला दवाखान्यात पळवलं असतं, नाहीतर मोजलंच नसतं.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवसाची धरून सात. आशाताई पाचव्या दिवशीही येऊन गेल्या. तो दिवस कुठल्याच तक्त्यात नाही, वजनाची काळजी होती म्हणून आल्या. चौदाव्या दिवशी काट्यावर 2 किलो 850 दिसलं तेव्हा हिने त्यांना बळेच जेवायला बसवलं. सगळ्या भेटी नियमाप्रमाणे पुऱ्या झाल्यावर त्यांना मिळतात 250 रुपये. हे मला नंतर कळलं आणि फार लागलं. एकविसाव्या दिवसाची भेट दोन दिवस उशिरा झाली, कारण मध्येच त्यांना सर्वेक्षणाला लावलं होतं. एकाच बाईच्या डोक्यावर किती कामं टाकायची?

दीड महिन्याच्या लसी केंद्रातच घेतल्या. कुपी बघू का, असं मी सिस्टरना विचारलं तर त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरून दाखवली. लेबलवर गोल आणि त्यात चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिकट असेल तोवरच ती लस द्यायची. कुपी उघडल्याची तारीख आणि वेळ पेनने लिहिलेली होती. टोचून झाल्यावर सुई तिथल्या तिथे कटरने तोडली, झाकण परत लावायचा प्रकार नाही. कोणती लस दिली, ती कशासाठी, ताप आला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती आणि कार्ड जपून आणायचं, हे सगळं लेकीला सांगितलं आणि तिच्याकडून वदवूनही घेतलं.

लस दिल्यावर अर्धा तास थांबवतात. नियम योग्यच आहे, पण थांबायचं कुठे? बाकं दोन आणि आया आठ-नऊ, त्यात टाके ओले असलेल्या बाळंतिणी. सिस्टरनी स्वतःची खुर्ची माझ्या लेकीला दिली आणि उरलेला वेळ उभ्याने काम केलं. नियम लिहिणाऱ्यांनी चार बाकं तरी द्यायला हवीत. याबद्दल केंद्राच्या तक्रार वहीत लिहून आलो आहे.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बाकांसाठी, माणसांसाठी नाही.

जाणार असाल तर गरोदरपणातच नाव नोंदवा आणि माहेरी येणार असाल तर माहेरच्या आशाताईंनाही आधीच कळवा. लसीच्या दिवशी लवकर पोहोचा. सोबत कार्ड, एक जास्तीचं दुपटं आणि पाण्याची बाटली ठेवा. बाटली आईसाठी.