९ महिने मोबाईल बघून बॉक्सिंग-किकबॉक्सिंग शिकलो, सर नाही, क्लास नाही. माझा अनुभव

आधीच सांगून टाकतो, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. म्हणजे घरातनं बाहेर पडून कुठल्याही बाजूला चार पावलं टाकली की तालीम, आणि मी शिकतोय कशावर तर मोबाईलवर. मित्रांनी यावरनं माझी एवढी खेचलीय की आता काही वाटत नाही. "समुद्राकाठी राहून बादलीत पोहायला शिकतंय बेनं" हे त्यातलं त्यातल्या त्यात सभ्य वाक्य.

कारण विचारणाऱ्यांना मी शिफ्टचं कारण द्यायचो. शिरोलीत फाउंड्रीत आहे, एक आठवडा दिवसपाळी एक आठवडा रात्रपाळी, क्लास सगळे सकाळी नाहीतर संध्याकाळी सहाला, अर्धे बुडणार मग फी कशाला भरायची. हे खोटं नाही पण खरं कारण लाज. वय ३७, वजन ८६, आणि तालमीत पोरं आठव्या-नवव्या वर्षी लंगोट लावून उतरतात. एका कराटे क्लासला चौकशीला गेलो होतो तर माझ्या मांडीएवढी पोरं लाईनीत उभी होती आणि त्यांच्या आयांनी मला पालक समजून बसायला खुर्ची दिली. बसलो, आणि तसाच परत आलो. गणपती उरकल्यावर मग घराच्या टेरेसवर मोबाईल पाण्याच्या टाकीला टेकवून चालू केलं ते आजपर्यंत, मधले तीन आठवडे सोडून. त्या तीन आठवड्यांचं पुढं सांगतो.

चांगलं काय ते पहिलं. व्हिडिओ चिडत नाही. एकच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मी पाव स्पीडवर लावून पन्नास वेळा बघितलाय, खांदा कधी फिरतो, मूठ कधी वळते, हनुवटी खांद्यामागं कधी जाते, हे एवढ्या बारकाईनं समोरचा माणूस नाही दाखवणार, दाखवलं तर तिसऱ्या वेळेला वैतागंल. रात्री साडेबाराला ड्युटीवरनं येऊन शिकता येतं. दोरीवरच्या उड्या, स्ट्रेचिंग, शॅडो बॉक्सिंग म्हणजे नुसते हवेत ठोसे, थोडक्यात एकट्यानं करायचं जेवढं आहे तेवढं सगळं व्हिडिओवरनं येतं असं माझं मत. वजन ८६ चं ७८ झालं. दोरी पहिल्या आठवड्यात सलग दहा उड्या झाल्या की पायात अडकायची, आता तीन मिनिटांची राऊंड न थांबता जाते, खालचे भाडेकरू तेवढे कुरकुरतात.

आता डाव्या-उजव्याचं प्रकरण, हे नीट वाचा कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. व्हिडिओतला माणूस आपल्याकडं तोंड करून उभा असतो. त्यानं डावा पाय पुढं टाकला की आपल्याला तो स्क्रीनवर उजव्या बाजूला दिसतो. आपण आरशात बघितल्यासारखं उजवा पाय पुढं टाकतो. मी उजव्या हाताचा माणूस, जेवतो उजव्यानं, पाना फिरवतो उजव्यानं, आणि अडीच महिने मी साउथपॉ म्हणजे डावखुऱ्याच्या स्टान्समध्ये उभा राहून सराव केला. उजव्या हाताच्या माणसाचा उजवा हात मागं ठेवतात ते उगाच नाही, मागच्या हाताला टाच आणि कंबर फिरवून लांबनं जोर आणता येतो म्हणून. माझा मागचा हात डावा. त्या क्रॉसनं, म्हणजे मागच्या हाताच्या सरळ ठोशानं, मच्छर मेला असता का शंका आहे.

बरं मी तपासत नव्हतो असं पण नाही. रोज सेल्फी कॅमेरा चालू करून स्वतःला बघायचो आणि शेजारी सरांचा व्हिडिओ पॉज करून ठेवायचो, अगदी हुबेहूब जुळायचं. जुळणारच, सेल्फी कॅमेऱ्याचा स्क्रीन आरशासारखाच उलटा दाखवतो, म्हणजे चुकीवर चूक चढून बरोबर दिसायला लागलं. डिसेंबरात बायको वाळलेली कपडे काढायला वर आली, तिला म्हटलं जरा मागच्या कॅमेऱ्यानं शूट कर. तिनं केलं, दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी बघितले आणि म्हणाली, "अहो, हे सर उलटे आहेत का तुम्ही?"

त्यात काही चॅनलवाले मुद्दाम व्हिडिओ उलटा करून टाकतात बघणाऱ्याला सोपं जावं म्हणून, काही टाकत नाहीत, आणि सांगत कुणीच नाही. टीशर्टवरची अक्षरं उलटी दिसतात का बघायचं, हा माझा शोध. नवीन माणसानं पहिल्यांदा पाठीमागनं शूट केलेला व्हिडिओ शोधावा, बाकी नंतर.

आता हाताचं. पंचिंग बॅग रिकामी मागवली, तीन फुटी, आणि भरायला वाळू आणली फाउंड्रीतनं, काळी मोल्डिंगची, फुकट मिळतीय म्हटल्यावर कोण सोडतंय. अर्धीच भरली तरी पन्नास किलोच्या आसपास गेली, पत्र्याच्या शेडच्या अँगलला साखळीनं टांगली, दोघं लागलो. वाळू बसत जाते हे मला, रोज मोल्डात वाळू ठोकून बसवणाऱ्या माणसाला, कळायला नको होतं का? आठ दिवसांत बॅगेचा खालचा भाग दगड झाला. वरनं मी हँडरॅप बांधायचो ते पण व्हिडिओ बघूनच, १८० इंची म्हणजे साडेचार मीटरची पट्टी असते, ती मी बोटांवर एवढी आवळायचो की नखं निळी पडायची, आणि मनगटावर, जिथं खरा आधार पाहिजे, तिथं ढिली.

आणि मूठ लागायची करंगळीच्या बाजूनं. पंच पहिल्या दोन बोटांच्या मुळाशी जी हाडं वर येतात त्यांच्यावर बसला पाहिजे, मनगट आणि ते एका रेषेत, हे व्हिडिओत सांगितलेलं होतं, मी ऐकलेलं होतं, लोकांना तोंडपाठ सांगत पण होतो. हातानं ऐकलेलं नव्हतं. जानेवारीत एका संध्याकाळी उजवा मारला आणि करंगळीच्या बाजूला कळ आली ती खांद्यापर्यंत. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, विचारलं भिंतीवर मारलं का, म्हटलं वाळूवर, ते म्हणाले तेच. करंगळीमागचं तळहातातलं हाड असं मारल्यानं मोडतं आणि त्याला बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात, माझं मोडलं नव्हतं, मुरगळण्यावर भागलं. डॉक्टर म्हणाले बॉक्सर म्हणे, पण नीट शिकलेल्या बॉक्सरांपेक्षा रागानं भिंतीवर मारणारीच जास्त येतात आमच्याकडं. तीन आठवडे हात पट्टीत, पाना डाव्या हातानं, सुपरवायझरला सांगितलं जिन्यात पडलो.

त्यानंतर वाळू काढली आणि इचलकरंजीहून मित्राकडनं कापडाच्या चिंध्या मागवल्या, दोन पोती, थोड्या थोड्या टाकून पायानं दाबून भरायच्या, मधे हवा राहिली तर खड्डा पडतो. आता बॅग बरोबर आहे.

किकचं लवकर आवरतो. गोल किक मारताना उभा पाय वळवायचा असतो, टाच समोरच्या माणसाकडं येईपर्यंत, नाहीतर कंबर फिरते आणि गुडघा तिथंच राहतो, सगळा पीळ गुडघ्यात. मी दोन महिने पाय न वळवता मारल्या. कारण ऐका, ज्या व्हिडिओवरनं शिकत होतो त्यात सरांचे पाय फ्रेममध्येच नव्हते. मांडीपासनं वर सगळं दिसत होतं. त्यात आमचं टेरेस खरबरीत कोबा, अनवाणी पाय वळतच नाही, साल निघतं, शेवटी जुने सपाट बूट घातले.

आणि चाकूचा हल्ला परतवायचे व्हिडिओ, त्यांच्याबद्दल बोलायलाच नको पण बोलतो. त्यात हल्ला करणारा एकदा हात पुढं करतो आणि पुतळ्यासारखा थांबतो, तोवर हिरो चार गोष्टी करून त्याला झोपवतो. मेहुण्याच्या हातात पाण्यात भिजवलेला खडू दिला आणि म्हटलं भोसक. सहा सेकंदांत माझ्या बनियनवर सात पांढऱ्या रेघा. दोघंही नवशिके आहोत तरी. हे व्हिडिओ सरळ स्किप करा, असला प्रसंग आला तर पळा, मी दोरीवरच्या उड्या त्यासाठीच मारतो असं समजा.

आता मार्चमधली गोष्ट. मित्राचा चुलतभाऊ पैलवान, आता कुस्ती सोडलीय पण रोज तालमीत जातो. म्हणाला ये, गादीवर उभं राहून दाखव काय शिकलास ते. मी ग्लोव्ह्ज घातले, त्यानं काहीच नाही, नुसता हात सोडून उभा. "मार की लका, बघतोयस काय नुसतं." मी जॅब मारला. वीतभर कमी पडला. दुसरा मारला, तो पण वीतभर कमी. माणूस हललेला पण दिसला नाही. माझी बॅग सहा महिने एकाच अँगलला एकाच जागी टांगलेली, ती कधी अर्धं पाऊल मागं गेली नाही ना कधी अंगावर आली, अंतर नावाची वस्तू असते हेच मला माहीत नव्हतं. तिसऱ्याला मी इरेला पडून आत शिरलो आणि त्यानं खाली वाकून पट काढला. दोन्ही पाय वर, पाठ गादीवर, आणि मागं डोकं आपटलं.

"पडायला न्हाई व्हय शिकवत तुझा मोबाईल?"

नाही शिकवत. म्हणजे शिकवतो, ज्युदोवाले तर पहिल्यांदा पडायलाच शिकवतात, हनुवटी छातीला लावून हात गादीवर आपटायचा, ते व्हिडिओ माझ्याकडं सेव्ह होते. सेव्ह ३४० होते. त्यातले करून बघितलेले किती विचाराल तर वीस-पंचवीस. हा या प्रकारातला सगळ्यात मोठा रोग आहे बघा, बघितलं की शिकल्यासारखं वाटतं.

मग त्यानं माझ्या मानेवर हात टाकला. नुसता टाकला, ओढला पण नाही. असं वाटलं कुणी ओलं पोतं मानेवर ठेवलंय, मी सरळ व्हायला गेलो की ते जड व्हायचं, मी वाकलो की हलकं, आणि मी कुठं जाणार ते त्याच्या तळव्याला माझ्याआधी कळत होतं. तो तेव्हा मित्राशी दुधाच्या भावाबद्दल बोलत होता. पैलवान खाशाबा जाधव मातीत वाढलेले, १९४८ ला लंडन ऑलिम्पिकला मॅटवर उतरले तेव्हा सहावे आले, १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ आणलं. त्या तोलाच्या माणसाला पायाखालची जमीन बदलली तर परत शिकायला लागलं असणार, आणि मी टाकीसमोर एकटा शिकून पैलवानासमोर गेलेलो.

त्या दिवसापासनं आठवड्यातले दोन दिवस, पाळी बघून, मी तिथं जातो. कुस्ती शिकायला नाही, मला आता ते झेपणार नाही. तिथंच कॉलेजकडनं बॉक्सिंग खेळलेलं एक पोरगं येतं, ते माझ्यासाठी ठोसे झेलायचे पॅड हातात धरतं, बदल्यात रविवारची मिसळ. पहिल्या दहा मिनिटांत त्यानं जे पकडलं ते माझ्या कॅमेऱ्यानं सहा महिन्यांत पकडलं नव्हतं. मी डाव्यानं जॅब मारला की उजवा हात आपोआप खाली येतो, गाल उघडा. तो सांगत बसत नाही. हात खाली आला की पॅड गालावर, थाप. परत आला, परत थाप. "काका, हात." चौथ्या दिवशी हात जागेवर राहायला लागला. काका म्हणतो ते सोडलं तर पोरगं चांगलं आहे.

व्हिडिओ बंद केलेत का, तर नाही. फक्त क्रम उलटा केलाय. आधी गादीवर जाऊन मार खायचा, काय चुकलं ते बघायचं, मग घरी येऊन तेवढ्याच एका गोष्टीचा व्हिडिओ. आता त्यातलं बोलणं वेगळंच कळतं, तेच व्हिडिओ, तेच सर.

कुणी विचारलं घ्यावं का हे असं शिकायला, तर वजन उतरवायला आणि अंग मोकळं करायला बिनधास्त, ५ पैकी ४. मारामारी शिकायला ५ पैकी १, तो पण हात कसे बांधायचे एवढं कळतं म्हणून. पोरांना तर नकोच, त्यांची हाडं कोवळी आणि त्यांना लाजबिज काही नसते, सरळ तालमीत नाहीतर क्लासला घाला. खर्च म्हणाल तर ग्लोव्ह्ज १२ औंसाचे १४५०, हँडरॅप २२०, बॅग रिकामी ९००, साखळी-हूक ३५०, एक्स-रे आणि औषधं मिळून ग्लोव्ह्जपेक्षा जास्त. मिसळीचा हिशोब ठेवलेला नाही.

उजवा पाय पुढं टाकायची सवय अजून पूर्ण गेलेली नाही, दमलो की तिसऱ्या राऊंडला आपोआप उलटा उभा राहतो. पोरगं म्हणतं राहू दे काका, समोरचा गोंधळतो. गोंधळतो तर मीच.

आणि हो, ती काळी वाळू अजून जिन्याखाली दोन पोत्यांत पडून आहे, झाडांना चालत नाही, बायको रोज बोलते, कुणाला पाहिजे असली तर घेऊन जावा.