बोटीच्या विम्यासाठी अनुभवाची नोंद : मोबाईल ॲप बरं का वही बरी?

बोट घेतली, विमा उतरवायला गेलो, आणि फॉर्मवर "बोट चालवण्याचा अनुभव" असा रकाना आला, तिथं काय लिहायचं आणि पुरावा काय जोडायचा, असं कोल्हापुरातल्या दोघातिघांनी मला हल्लीच विचारलं म्हणून हे सविस्तर लिहितोय. आपण राहतो घाटावर आणि बोट बांधलेली असते मालवण नाहीतर देवबागला. किनाऱ्यावर वाढलेल्या पोराला अख्खा गाव ओळखतो, तो कधीपासून सुकाणू धरतोय हे धक्क्यावर कुणीपण सांगेल. आपल्याला तसं कोण नसतं, त्यामुळं नोंद ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही.

मी दोन्ही वापरलंय. पहिली दोन वर्षं मोबाईलवरचं ॲप, त्यानंतर आजपर्यंत वही.

ॲपचं चांगलं ते आधी सांगतो. धक्का सोडताना बटण दाबायचं, परत आलं की बंद करायचं, एवढंच काम. नकाशावर रेघ उमटते, नॉटिकल मैल, वेग, वेळ सगळं आपोआप येतं, मधे रेंज गेली तरी जीपीएस चालू राहतं. अंतराच्या बाबतीत वहीतला अंदाज त्याच्या जवळपास पण येत नाही, हे मान्यच करायला पाहिजे. फक्त दिवसभर उन्हात फोनची बॅटरी लै उतरते, आणि तोच फोन अडचणीत मदत मागायला पण लागणार असतो, तेवढं ध्यानात ठेवा.

आता माझं जिथं अडलं ते. सोळा फुटी फायबर बोट, पंचवीस एचपीचं आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरनं लावायचं इंजिन), विम्यासाठी मी ॲपमधल्या एक्केचाळीस फेऱ्यांची छान पीडीएफ काढून दिली. आठवड्याभरानं कंपनीकडनं एकच प्रश्न आला : यातल्या प्रत्येक फेरीत बोट चालवत कोण होतं? मी गप्पच झालो. ॲपला एवढंच कळतं की फोन कुठून कुठं गेला. मी सुकाणूवर होतो का पुढं बसून सुरमई लागायची वाट बघत होतो, हे त्या रेघेत कुठंच नाही. किल्ला बघायला होडीतनं गेलेल्या पर्यटकाच्या फोनमध्ये पण तशीच रेघ उमटणार की. सुरुवातीच्या बऱ्याच फेऱ्यांना तांडेल (बोटीचा मुख्य खलाशी) असलेले काकाच चालवायचे, मी बघून शिकायचो, पण कुठल्या दिवशी कोण हे दोन वर्षांनी कसं आठवणार?

दडपून सगळ्यावर "मी" लिहिता आलं असतं, तसा सल्ला पण मिळाला. पण 1963 च्या सागरी विमा कायद्यात स्पष्ट आहे की हा करार पूर्ण विश्वासावर उभा असतो, जोखमीवर परिणाम करणारी गोष्ट आपण लपवली किंवा खोटी सांगितली तर कंपनी करारच रद्द करू शकते. म्हणजे हप्ते भरायचे आणि नेमकं नुकसान झाल्यावर हात हलवत परत यायचं. ज्या फेऱ्यांची खात्री होती तेवढ्याच ठेवल्या. एक्केचाळीसच्या चौदा झाल्या. त्या दिवशी जिवाला फार लागलं, कारण अनुभव खरा होता, फक्त तो माझा आहे हे दाखवता येत नव्हतं.

मग महाद्वार रोडवरनं लाल कापडी बांधणीचं लांबडं रजिस्टर आणलं, व्यापारी लोक कीर्द लिहायला वापरतात तसलं. रकाने स्वतः आखले. तारीख, कुठनं कुठं, बोट केवढी आणि इंजिन कुठलं, भरती का ओहोटी, वारा कसा होता, आणि सगळ्यात रुंद रकाना "सुकाणूवर कोण, किती वेळ". शेवटी बरोबरच्या माणसाची सही. एक नोंद नमुन्याला देतो : "देवबाग ते कर्लीचा संगम आणि परत. ओहोटी, वाळूचा पट्टा उघडा. जाताना मी, संगमाजवळ काकांनी घेतलं, येताना परत मी. पंख्याला दोरी अडकली, इंजिन वर उचलून काढली." ती दोरीची ओळ मी मुद्दाम ठेवलीय. बारीकसारीक अडचण आली आणि ती निस्तरली, याला वाचणारा किंमत देतो असा माझा अनुभव आहे.

वहीचे त्रास आहेतच. जेल पेननं लिहिलेलं पान खाऱ्या पाण्यात पार पुसलं गेलं, तेव्हापासनं साधं बॉलपेन आणि प्लास्टिकची पिशवी. कंटाळा पण येतो, फोंडा घाट चढून रात्री घरी आल्यावर लिहू म्हटलं की राहिलंच, म्हणून धक्क्यावरच लिहायचं. आता तर दोर बांधून व्हायच्या आत काकाच विचारतात, "वही खंय आसा?"

जुन्या अनुभवाचं काय, असं बरेच जण विचारतात. 2019 च्या महापुरात मी आंबेवाडी-चिखलीकडं बचावाच्या बोटीवर होतो. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याची 43 फुटांची धोका पातळी कधीच ओलांडली होती, पाण्याला ओढ प्रचंड, डोक्याला लागतील अशा विजेच्या तारा, पाण्याखाली कुंपणं. बोट धरायची कशी हे मी तिथं शिकलो आणि त्याची एक ओळ पण लिहिलेली नव्हती. ते नंतर वेगळ्या पानावर लिहिलं, वर ठळक "मागाहून लिहिलेलं", खाली पथकप्रमुखाची सही, आणि फोनमधल्या त्या तारखांचे फोटो जोडले. नदी-धरणावरचं आणि समुद्रावरचं मात्र एकत्र मिसळू नका, दोन्हीची जोखीम वेगळी धरली जाते.

तुम्ही एकटेच बोट नेत असाल, लांब पल्ल्याच्या फेऱ्या करत असाल, तर ॲप सोयीचं पडेल, मी नाही म्हणत नाही. माझ्यासारखं तांडेलाबरोबर शिकत शिकत जाणार असाल तर मला तरी वहीच बरी वाटते. ॲप मी अजून पण लावतो, पण त्यातलं अंतर बघून वहीत उतरवण्यापुरतं. पुढच्या नूतनीकरणाला वहीच्या पानांचे फोटो पाठवले, आणि त्या वेळी सुकाणूवर कोण होतं असं कुणी विचारलं नाही.